अळणी

पहिला घोट गोड लागला. चमचा तोंडातच धरून तो क्षणभर बसून राहिला. आधी वाटलं, गाजरं जास्त पडली असतील. गाजर शिजलं की गोडसर होतंच. दुसऱ्या घोटाला मात्र शंका उरली नाही. हाडांच्या त्या दाट, जव घातलेल्या सूपमध्ये त्याने मिठाऐवजी साखर घातली होती, आणि तीही चांगली तीन चमचे. सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत त्याने दोन्ही बरण्या घासून पुन्हा भरल्या होत्या, दोन्ही एकसारख्या, तेव्हा अदलाबदल झाली असणार. चूक क्षुल्लक होती, कुणाच्याही हातून व्हावी अशी. एरवी तो स्वतःशीच हसला असता. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बाबांचा रिकामा वाडगा होता, निपटून घेतलेला. दहाच मिनिटांपूर्वी बाबांनी हेच सूप दीड वाडगा संपवलं होतं, मिशी पुसली होती, या हिवाळ्यात रोज म्हणायचे तसं "जमलं" म्हटलं होतं आणि टेबलाला धरून उठत ते आतल्या खोलीत गेले होते. आतून त्यांच्या रेडिओचा आवाज येत होता. खिडकीच्या काचेवर वाफ साचून तिचे ओघळ झाले होते. बाबांना चव लागत नव्हती. आजच नव्हे, तो सूप करायला लागला त्या पहिल्या दिवसापासूनच कदाचित.

ज्यांनी बाबांना पूर्वी पाहिलं होतं त्यांना हे सांगूनही खरं वाटलं नसतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात चौतीस वर्षं मुख्य आचारी असलेला हा माणूस. हिवाळ्यात रोज दोनशे आजाऱ्यांचं सूप त्यांच्या देखरेखीखाली शिजायचं. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी स्वतःचा चमचा असायचा, आणि पातेल्यातून एक चमचा घेऊन ते डोळे मिटायचे तेव्हा हाताखालची माणसं श्वास रोखून उभी राहायची. मीठ थोडं पुढेमागे झालं तरी सगळं पातेलं मोरीत. आजारी माणसाला काय कळतंय, असं एकदा कुणीतरी म्हणालं, तर त्याला त्यांनी दोन दिवस नुसते कांदे सोलायला बसवलं होतं. घरीही तीच तऱ्हा. आईचा स्वयंपाक ते मान खाली घालून जेवायचे, चांगलं म्हणायचे नाहीत, वाईट म्हणायचे नाहीत, फक्त कधीकधी ताट अर्ध्यावर सरकवायचे, आणि आई ते उचलून न्यायची. तो अकरा वर्षांचा असताना आई तापाने पडली होती. बाहेर कडाक्याची थंडी, ताई शाळेच्या सहलीला गेलेली. त्याने बटाटे, कांदा, असेल ते चिरून पाण्यात उकळवलं आणि वाडग्यात घालून आईला नेऊन दिलं. आई उशाला टेकून बसली, दोन्ही हातांनी वाडगा धरून हळूहळू प्यायली, अर्धा वाडगा प्यायली. म्हणाली, "गरम गरम किती बरं वाटतंय." तेवढ्यात बाबा कामावरून आले. त्यांनी खिशातला चमचा काढला, आईच्या हातातल्या वाडग्यातून एक घोट घेतला, वाडगा तिच्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. "पाणचट," ते म्हणाले. मग बाह्या दुमडून स्वतः करायला लागले. चाळीस मिनिटांनी घरभर सुटलेला तो वास त्याला आजही आठवत होता; तसं सूप त्याने पुढे कुठेच प्यायलं नाही. पण तोवर आई झोपून गेली होती. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव पाणचट पडलं. ताई चिडवायची, आईसुद्धा कधी लाडाने म्हणायची. पुढे तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात नकाशे काढायला लागला, रस्त्यांखालच्या नळांचे, झडपांचे, गळत्यांचे, तेव्हा बाबा म्हणाले, "नाव सार्थ केलंस." विनोद बरा होता. सगळे हसले, तोही हसला.

आता तो बावन्न वर्षांचा होता, अविवाहित, चौथ्या मजल्यावरच्या त्याच घरात. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. ताई दूरच्या शहरात, तिच्या शाळेत आणि संसारात. पावसाळा सरल्यावर बाबांना मोठा ताप आला, आठ दिवस अंथरुणात होते. उठले ते गुडघे गमावूनच; ओट्याशी दोन मिनिटंही उभं राहवेना. दात नव्हते आणि कवळी लावायची नाही हा हट्ट, त्यामुळे सकाळी दुधातली लापशी आणि दोन्ही वेळा सूप, एवढंच खाणं. मग तो करायला लागला आणि बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून सांगायला लागले. हाडं आधी ओव्हनमध्ये भाजून घे, कच्ची टाकू नकोस. कांदा तपकिरी होईस्तोवर परतायचा, गोरा कांदा काय कामाचा. फेस वर आला की काढत राहा. वाटाणे आदल्या दिवशी भिजव. उकळ्या फोडू नकोस, नुसतं हलू दे, जसं झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं. पहिल्या संध्याकाळी त्याने वाडगा पुढे ठेवला. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि तो अकरा वर्षांचा होऊन उभा राहिला. "जमलं," बाबा म्हणाले. ते ऐकून तो भांडी घासायला वळला आणि नळ मोठा सोडला, कारण डोळ्यांतलं पाणी कुणी बघायला नको होतं. त्यानंतर दोन महिने रोज. ऑफिसात तो नकाशावर वाकलेला असायचा आणि मनात आज घेवडा की मसूर हे चाललेलं असायचं. शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्या टंकलेखनाचं काम करायच्या आणि वीस वर्षांत ज्यांच्याशी तो हवापाण्यापलीकडे बोलला नव्हता, त्यांना तो एक दिवस आपण होऊन सांगू लागला की कोबीच्या सूपमध्ये बटाट्याचा एक मोठा तुकडा कुस्करून घातला की ते छान दाट होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर भलतेच खवय्ये निघालात." तो लाजला. बसमधून घरी जाताना मांडीवरच्या पिशवीत गाजरं, कांदे आणि कागदात बांधलेली हाडं असायची आणि त्याला वाटायचं, असंच आयुष्यभर चाललं तरी चालेल. आपण सुखी आहोत हे त्याला कळत होतं, आणि ते सुख एका शब्दावर उभं होतं.

त्या संध्याकाळी गोड सूप मोरीत ओतताना त्याला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचाच. दोन महिने एका म्हाताऱ्याच्या ढोंगावर शेफारलो. मग राग बाबांवर उलटला. चव गेली तर गेली म्हणून सांगायचं. पण नाही, जिभेचा रुबाब सोडवेना. डोळे मिटायचे, मान डोलवायची. आणि जन्मभर जो शब्द अडवून धरला तो आता फुटक्या रांजणातल्या पाण्यासारखा वाहू द्यायचा, कारण आता त्याचं काही मोल उरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका नळाची रेघ त्याने चुकीच्या रस्त्याखालून नेली आणि ती खोडता खोडता कागद फाटला. टंकलेखिका बाईंनी विचारलं, "काल काय केलंत?" तो म्हणाला, "काही नाही. पाणी."

त्या संध्याकाळी त्याने घेवडा आणि कोबी शिजवला. बाबा खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल, हात शालीखाली. मीठ घालायची वेळ आली तेव्हा त्याने पळी फिरवली, झाकण ठेवलं आणि हात पुसले. मीठ घातलं नाही. नुसतं बघायचं होतं. निदान मनाशी त्याने तसंच म्हटलं. बाबांनी सगळा वाडगा प्यायला आणि जरा थांबून म्हटलं, "जमलं." आपल्या वाडग्यात त्याने नंतर वरून मीठ घालून घेतलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी कांदा परतलासुद्धा नाही, तसाच पाण्यात टाकला. आठवड्याने हाडं आणणं बंद झालं. बटाट्याची सालं, कोबीची जाड पानं, पाणी, थोडं पीठ. वरून मात्र वाफ तशीच निघत होती. रोज वाडगा पुढे ठेवताना त्याच्या छातीत काहीतरी आवळून यायचं आणि "जमलं" ऐकलं की सैल व्हायचं. त्यात एक हलकट गोडी होती, हे तो स्वतःपासून लपवू शकत नव्हता. बसमध्ये बसल्याबसल्या तो स्वतःशी वाद घालायचा. म्हाताऱ्या माणसाला मीठ कमीच बरं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरच म्हणाले होते, मीठ जपून. आपण काही विष घालत नाही. उद्यापासून घालू. पण उद्या आला की बाबा पुन्हा खुर्चीत बसलेले असायचे, पूर्वीसारख्या सूचना न देता, नुसते बघत, आणि त्याचा हात जागचा हलायचा नाही. कधीकधी वाटायचं, आज तरी ते वाडगा सरकवतील, शिवी देतील, मोरीत ओत म्हणतील. त्याला तेच हवं होतं का? एकदा ओतलं असतं तर सगळं संपलं असतं. पण बाबा पीत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात बाबा मंद झाले. रेडिओ लावायचे आणि खरखर चालू असली तरी स्टेशन बदलायचे नाहीत. डोकं दुखतं म्हणाले. त्याला दोनदा ताईच्या नावाने हाक मारली. एका सकाळी न्हाणीघराच्या दाराशी धप्प आवाज झाला. तो धावत गेला, तर बाबा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते, पाय पसरून, चेहऱ्यावर कसलंही दुखणं नाही, फक्त बुचकळ्यात पडल्यासारखे. "दोनशे वाडगे मांडा," ते म्हणाले. "उशीर झालाय."

रुग्णालय तेच होतं, बाबांचंच. मुदपाकखाना मात्र केव्हाच बंद झाला होता. जेवण आता बाहेरून झाकणाच्या पेल्यांतून येत होतं. कुणी त्यांना ओळखलं नाही. तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि त्याला बाजूला घेतलं. "मिठाचं प्रमाण फार खाली गेलंय. गोळ्यांनी थोडं उतरतं, पण इतकं नाही. जेवणातलं मीठ बंद केलंय का तुम्ही?"

"जपून द्या म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला.

"जपून वेगळं आणि बंद वेगळं."

त्याने मान हलवली. डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर तो बोलला असता, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं. पण त्यांना पुढच्या खाटेकडून हाक आली आणि त्या गेल्या.

सलाईनमधून थेंब थेंब मीठ जायला लागलं. फार भरभर देता येत नाही, मेंदूला इजा होते, असं परिचारिकेने त्याला समजावलं. तो खाटेजवळ बसून थेंब बघत राहिला. एक पडायचा, दुसरा धरायचा, आणि त्या मधल्या वेळात तो कशाचाच विचार करायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांची नजर जाग्यावर आली. वॉर्डात ऊन आलं होतं, थंडीतलं फिकट ऊन, पलंगाच्या लोखंडी कडेवर. बराच वेळ त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "मीठ संपलं होतं का रे?"

त्याला वाटलं, ते अजून भ्रमातच आहेत. "नाही," तो म्हणाला.

"मग ठीक. मला वाटलं आणायला जमलं नसेल."

त्याने विचारलं, "तुम्हाला कळत होतं?"

"चव गेली त्या तापात. डोळे कुठे गेलेत." बाबा मधेमधे श्वासासाठी थांबत होते. "पहिल्या दिवशी म्हटलं विसरलास. दुसऱ्या दिवशी तुझ्या मानेकडे बघून कळलं. लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा अशीच ताठ करायचास."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बघत होतो किती दिवस चालवतोस ते." त्यांच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला, ते हसू होतं की आणखी काही, सांगता येत नव्हतं. "वाटलं होतं चार दिवसांत ढेपाळशील. चिवट निघालास."

आणि त्याच्या मनात, ज्या ठिकाणी त्या क्षणी फक्त लाज असायला हवी होती तिथे, काहीतरी उजळलं. त्याने ते पाहिलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. खुर्ची मागे सरकवून तो उठू पाहत होता, पण न विचारून राहवलं नसतं. त्याने विचारलं, "आणि त्याच्या आधी? दोन महिने जमलं म्हणत होतात, ते काय होतं? चव तर तेव्हाही नव्हती."

बाबांनी डोळे मिटले. त्याला वाटलं झोप लागली. मग ते डोळे मिटूनच बोलले, मुदपाकखान्यात नव्या माणसाला सांगावं तसं, सावकाश. "कांदा परतताना आवाज बदलतो. ओला असतो तेव्हा चुरचुरतो, मग गप्प होतो. गप्प झाल्यावरही तू थांबत होतास, घाई करत नव्हतास. पळी तळाला खरवडत नव्हती. हाडांवरून मांस सुटलं की वाफेला जडपणा येतो, ती सरळ वर जात नाही. ते दिसतं. चौतीस वर्षं दुसरं काय केलंय मी. चाखायला लागतंच असं नाही." ते थांबले. "जमलं होतं म्हणून म्हटलं."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. बाबांच्या उशापासून उठून तो व्हरांड्यात गेला आणि थंड लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी हातवारे करून दाखवत होता, आणखी, आणखी, बस. परत आत जाऊन काहीतरी बोललं पाहिजे, हे त्याला कळत होतं. क्षमा मागायची की जाब विचारायचा, हे कळत नव्हतं. एक शब्द त्यांनी चाळीस वर्षं आधी का नाही दिला? तो दिला तेव्हा आपण तो नाण्यासारखा दगडावर आपटून का पाहिला? त्याचे हात गारठून बधिर झाले. तो आत गेला तेव्हा बाबा खरोखरच झोपले होते.

त्यानंतर बोलणं झालंच नाही. दुसऱ्या दिवशी पेल्यातलं पातळ सूप पिताना बाबांना ठसका लागला, काहीतरी श्वासनलिकेत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत अंग तापलं. फुप्फुसात पाणी झालं. नळ्या आल्या. तो रजा टाकून बसून राहिला, त्यांचे पाय चोळत, ओठांवर ओला कापूस फिरवत. एकदा बाबांनी डोळे उघडले तेव्हा तो वाकून म्हणाला, "बाबा, माझं चुकलं." पण ती नजर त्याच्यातून पलीकडे गेली. सहाव्या दिवशी पहाटे त्यांनी प्राण सोडला. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं. ते खोटंही नव्हतं.

ताई आदल्या दिवशी पोचली होती. सगळं उरकेपर्यंत आठवडाभर राहिली. बाबांचे कपडे तिने घड्या घालून पिशव्यांत भरले, औषधं वेगळी काढली, ओटा घासला. शेजारचे भेटायला यायचे तेव्हा ती सांगायची, "सगळं यानेच केलं हो. ऑफिस सांभाळून दोन्ही वेळचं ताजं करून घालायचा. माझ्याच्याने एक दिवस झालं नसतं." तो मान खाली घालून ऐकायचा, आणि लोकांना वाटायचं दुःखाने बोलवत नाही. निघायच्या दुपारी तिची बॅग दाराशी भरून ठेवली होती. बाहेर आभाळ खाली उतरलं होतं. ताई म्हणाली, "तुला एक सांगू? मला तुझा हेवा वाटतो. शेवटी तू त्यांच्याजवळ होतास." आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हा त्याने सांगितलं. साखरेपासून सांगितलं, सालांचं सांगितलं, किती दिवस ते सांगितलं, डॉक्टरीणबाईंना काय म्हणाला ते सांगितलं, व्हरांड्यात जाण्याआधी बाबा काय म्हणाले तेही सांगितलं. मधे कुठे थांबला नाही. त्याचा आवाज सरळ होता, ऑफिसात गळतीची जागा सांगावी तसा. बोलता बोलता ताईचा हात त्याच्या खांद्यावरून केव्हा निघाला, ते त्याला कळलं नाही.

ती खुर्चीत बसली. तिने ओट्याकडे बघितलं. "डॉक्टरांना माहीत नाही?"

"नाही."

"म्हणजे बाबांना माहीत होतं, ते गेले. आणि तुला." ती त्याच्याकडे वळली. "मला का सांगितलंस?"

त्याला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा मीठ नव्हे ठसकाच कारण होता असं म्हणून त्याची समजूत घालेल. या प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. "कुणाला तरी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"आता हलकं वाटतंय ना?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "हो," तो म्हणाला.

"वाटणारच." ताईचा आवाज चढला नव्हता. "घरी गेल्यावर पोरं विचारतील, आजोबा कशाने गेले. मी सांगेन, थंडीने. फोनवर तू विचारशील, कशी आहेस, मी सांगेन, बरी. आणि दर वेळी जेवायला बसले की हे माझ्यासमोर येऊन बसेल. तू दिलंस आणि मोकळा झालास. मी हे कुठे ठेवू, सांग."

ताई उठली, तिने कोट घातला, एकेक गुंडी शांतपणे लावली. त्याने बॅग उचलायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. मी नेते." दारातून बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं नाही, पण दारही ओढून घेतलं नाही. जिन्यावर बॅग एकेका पायरीला आपटत गेली. दुसऱ्या मजल्यावर आवाज थांबला. तो दारात उभा राहून ऐकत होता. ती वर येईल, शिव्या देईल, निदान हाक मारेल, असं वाटून त्याने एक पाऊल बाहेर टाकलं. खालून काही आलं नाही. फक्त कुणीतरी दम खात असल्यासारखा, की रडणं गिळत असल्यासारखा, अर्धवट आवाज. मग बॅग पुन्हा आपटू लागली, आधीपेक्षा भरभर, आणि रस्त्याकडचं जड दार उघडल्याचा आणि आपोआप मिटल्याचा आवाज आला.